यंत्राचा सल्ला, माणसाची सही

(द्वितीय वर्ष कला)

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द आज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानापासून एस.टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. कोणी म्हणतो, हे विज्ञानाने मानवाला दिलेले वरदान आहे. कोणी म्हणतो, यामुळे लाखोंच्या नोकऱ्या जाणार. ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध तर आपण सर्वांनीच शाळेत लिहिलेला आहे. परंतु हे यंत्र बँकेत, रुग्णालयात, न्यायालयात आणि सरकारी कचेरीत येऊन पोहोचल्यावर केवळ शाप-वरदानाचा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. ते आले आहे. संस्थेने ते कोणत्या कामी लावावे, कोणत्या कामी लावू नये आणि चूक झाल्यास उत्तर कोणी द्यावे, हे आजचे खरे प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करण्याचे योजिले आहे.

मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. तरीही हा विषय घेतला, कारण यंत्र जर कचेरीच्या खिडकीच्या आत बसणार असेल, तर खिडकीच्या बाहेर रांगेत उभे राहणाऱ्यांपैकी मी आहे. आतल्यांनी या विषयावर पुष्कळ लिहिले आहे. बाहेरच्यांनीही थोडे लिहावे.

यंत्र शिकते कसे?

१९५० साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने यंत्राला विचार करता येईल काय, असा प्रश्न एका निबंधात उपस्थित केला. १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ येथे जॉन मॅकार्थी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी उन्हाळी परिषद भरवली, तिच्यापासून या विद्याशाखेचे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव रूढ झाले. म्हणजे कल्पना जुनी आहे. नवी आहे ती तिची आजची ताकद.

साध्या संगणकाला माणूस नियम सांगतो आणि तो नियमाप्रमाणे चालतो. आजची यंत्रे नियम स्वतःच शोधतात, तेही जुन्या नोंदींतून. हे समजण्यासाठी एखाद्या अडत दुकानातील जुना दिवाणजी डोळ्यांसमोर आणावा. पंचवीस वर्षे त्याने वह्या लिहिल्या. कोणी उचल वेळेवर फेडली, कोणी बुडवली, हे सारे त्याच्या डोळ्यांखालून गेले. नवा शेतकरी उचल मागायला आला की तो मालकाच्या कानात सांगतो, ‘याला देऊ नका.’ का, ते त्याला नेमके सांगता येत नाही. पण अनुभव त्याच्या पाठीशी असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र म्हणजे लाखो वह्या वाचलेला दिवाणजी होय.

आता या दिवाणजीपाशी अनुभव असतो तसा पूर्वग्रहही असतो. वह्यांमध्ये जे अन्याय लिहिले गेले, तेही तो शहाणपण म्हणून शिकतो. ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने २०१४ पासून नोकरीसाठी आलेल्या अर्जांना गुण देणारे यंत्र तयार करावयास घेतले. त्याला आधीच्या दहा वर्षांतील अर्ज दाखवण्यात आले. तांत्रिक जागांसाठी त्या काळात बहुसंख्य अर्ज पुरुषांचे होते. यंत्र त्यातून असे शिकले की पुरुषच बरे! ज्या अर्जात ‘महिलांचा’ हा शब्द येई, उदाहरणार्थ महिलांच्या बुद्धिबळ मंडळाची कप्तान, त्याचे गुण ते कमी करी. दोन महिला महाविद्यालयांच्या पदवीधरांनाही त्याने खाली ओढले. कंपनीने पुढे हा प्रयोग सोडून दिला आणि २०१८ साली ही हकीकत वर्तमानपत्रांतून जगापुढे आली. स्त्रियांना डावलावे असे त्या यंत्राला कोणी शिकवले नव्हते. वह्यांनी शिकवले.

गोड बोलणारे यंत्र

दुसऱ्या प्रकारचे यंत्र भाषा बोलते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांसाठी खुले झाले आणि आपल्यापैकी बहुतेकांची या विषयाशी ओळख तेथूनच झाली. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे अशा यंत्राने शिकून घेतलेले असते. त्यामुळे त्याचे वाक्य सुबक असते; पण सुबक वाक्य आणि खरे वाक्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी अशा यंत्राच्या मदतीने लिहिलेला युक्तिवाद सादर केला. त्यात पूर्वीच्या खटल्यांचे दाखले होते, खटल्यांची नावेही भारदस्त होती. मात्र त्यांतील अनेक खटले कधी झालेच नव्हते! न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला.

याहून बोधप्रद प्रसंग कॅनडातील आहे. एका प्रवाशाची आजी वारली. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राने त्याला सांगितले की आता तिकीट काढा, सवलतीचा अर्ज नंतर केला तरी चालेल. प्रत्यक्षात कंपनीचा नियम तसा नव्हता आणि कंपनीने सवलत नाकारली. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले तेव्हा कंपनीचा एक बचाव असा होता की, ते यंत्र ही स्वतंत्र बाब असून आपल्या बोलण्याला ते स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हा बचाव फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई देवविली. रक्कम आठशे कॅनेडियन डॉलरच्या आसपासची, म्हणजे फार मोठी नव्हे. पण तत्त्व मोठे आहे. दुकानात गुमास्ता ठेवला तर त्याच्या शब्दाला मालक बांधील असतो. यंत्र ठेवले म्हणून मालकाची सुटका होत नाही.

हॉलंडचा धडा

या विषयाचा अभ्यास करताना मला सर्वांत अस्वस्थ केले ते नेदरलँड्स, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशातील प्रकरणाने. हा देश श्रीमंत, सुशिक्षित व कायद्याने चालणारा म्हणून ओळखला जातो. तेथे नोकरी करणाऱ्या आईबापांना मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी अनुदान मिळते. हे अनुदान करखात्यामार्फत दिले जाई. काही लोक खोटे अर्ज करून पैसे लाटतात असे उघडकीस आल्यावर खात्याने कडक धोरण स्वीकारले आणि २०१३ पासून कोणता अर्ज ‘धोक्याचा’ हे ठरवण्यासाठी स्वतः शिकणारे यंत्र वापरण्यास सुरुवात केली.

यंत्र प्रत्येक अर्जाला गुण देई. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही त्यातील एक निकष होता. ज्याचे गुण अधिक, त्याचा अर्ज तपासणीसाठी अधिकाऱ्यापुढे येई. म्हणजे शेवटी माणूस होताच. पण यंत्राने हा अर्ज संशयास्पद का ठरवला, हे त्या अधिकाऱ्याला कळत नसे. समोर आला तो संशयित, एवढेच त्याला ठाऊक. मग एखादी सही राहिलेली, खर्चाचा थोडासा हिस्सा भरावयाचा राहिलेला, अशा किरकोळ कारणांवरून संपूर्ण अनुदान परत मागितले जाई. कित्येक कुटुंबांवर हजारो युरोंचे देणे आले. लोक कर्जात बुडाले, घरे गेली, संसार मोडले. कारण विचारायला गेले तर उत्तर मिळत नसे.

डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीने आपल्या अहवालात हा अभूतपूर्व अन्याय असल्याचे म्हटले आणि १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुट यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. नागरिकत्वाची माहिती बेकायदा वापरल्याबद्दल तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने त्याच वर्षाच्या शेवटी करखात्याला २७ लाख ५० हजार युरोंचा दंड केला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. सर्व पाप यंत्राच्या माथी मारता येणार नाही. किरकोळ चुकीला संपूर्ण वसुली हे धोरण माणसांनीच राबवले होते. तक्रारी आल्या, त्या माणसांनीच बाजूला सारल्या. यंत्राने फक्त बोट दाखवले. पण ते बोट परक्या नावांकडे आणि गरीब वस्त्यांकडे अधिक वेळा वळत राहिले आणि ‘हे तर गणित आहे’ असे समजून कोणी त्याला हटकले नाही. यंत्र निःपक्षपाती असते ही समजूतच येथे सर्वांत घातक ठरली.

आपल्या दारात

हे सर्व परदेशात घडले असे म्हणून आपल्याला निश्चिंत राहता येत नाही. शेजारच्या तेलंगणात अनेक सरकारी नोंदी एकत्र जोडून कोण लाभास पात्र, कोण अपात्र हे ठरवणारी संगणकीय व्यवस्था वापरण्यात आली. एका खात्यातील नाव दुसऱ्या खात्यातील नावाशी जुळवताना सारख्या नावांचा घोटाळा होऊ शकतो; मोटार एकाची असते आणि रेशनकार्ड दुसऱ्याचे जाते. राज्यात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख रेशनकार्डांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२२ साली न्यायालयाने प्रत्यक्ष घरी जाऊन फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. घरी जाऊन पाहणे! ही किती साधी गोष्ट. कार्ड रद्द करण्यापूर्वीच ती करता आली असती.

या विषयाकडे मी ज्या नजरेने पाहते तिला कारण आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी आई दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणीला जाते, हंगामात कापूस वेचते. तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. रेशनच्या दुकानात ठसा घेणारे यंत्र आले तेव्हा दोन वेळा तिला रिकामी पिशवी घेऊन परत यावे लागले. दुकानदार सांगे, “मावशी, अंगठा येत नाही. मशीनपुढं मी काय करू?” तिसऱ्या खेपेस भावाला मजुरी बुडवून नेले, त्याचा अंगठा लागला आणि धान्य मिळाले. ते यंत्र अगदी साधे; त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे काही नाही. पण ‘मशीनपुढं मी काय करू’ हे वाक्य मात्र हॉलंडमधल्या अधिकाऱ्याच्या तोंडी आणि आमच्या गावच्या दुकानदाराच्या तोंडी सारखेच शोभते. यंत्र जितके हुशार, तितके हे वाक्य उच्चारणे सोपे. आईला निदान अंगठा उमटत नाही एवढे दिसत होते. उद्याच्या यंत्राने ‘अपात्र’ म्हटले तर कारणही दिसणार नाही.

चांगले उदाहरण

मग यंत्र नकोच, असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही, आणि त्यासाठी स्वीडनचे उदाहरण देते. तेथे स्त्रियांच्या स्तनांच्या कर्करोगाची तपासणी ठरावीक कालावधीने केली जाते. एक्स-रेचे प्रत्येक चित्र दोन तज्ज्ञ डॉक्टरांनी स्वतंत्रपणे पाहावे अशी पद्धत आहे; पण असे तज्ज्ञ पुरेसे मिळत नाहीत. तेव्हा तेथील संशोधकांनी २०२१ पासून सुमारे ८०,००० स्त्रियांवर एक चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाची चित्रे जुन्या पद्धतीने दोन डॉक्टरांनी पाहिली. दुसऱ्या गटात आधी यंत्राने प्रत्येक चित्राला धोक्याचे गुण दिले; जास्त धोक्याची चित्रे दोन डॉक्टरांकडे आणि बाकीची एका डॉक्टरकडे गेली.

२०२३ साली पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्राच्या मदतीने दर हजारी सुमारे ६ स्त्रियांचा कर्करोग सापडला, जुन्या पद्धतीने सुमारे ५ जणींचा. विनाकारण धास्तावलेल्या स्त्रियांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. आणि डॉक्टरांचे चित्रे वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले.

हॉलंडमध्येही यंत्राने धोक्याचे गुणच दिले, स्वीडनमध्येही तेच केले. मग एका ठिकाणी अनर्थ आणि दुसरीकडे कल्याण, असे का? माझ्या मते कारणे तीन आहेत. स्वीडनमध्ये काम नेमके ठरवलेले होते. जुन्या पद्धतीशी तुलना करून, मोजून, मगच निष्कर्ष काढला. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्राने ज्यांच्याकडे बोट दाखवले त्यांना अधिक लक्ष मिळाले, शिक्षा नव्हे. प्रत्येक चित्र शेवटी एका तरी डॉक्टरने पाहिले आणि निदान डॉक्टरनेच केले.

संस्थेने काय करावे?

आता हे सर्व एखाद्या परिचित संस्थेला लावून पाहू. समजा, आपल्याच महाविद्यालयाने शिष्यवृत्तीचे अर्ज छाननीसाठी यंत्राकडे द्यावयाचे ठरवले. तर काय करावे?

पहिली गोष्ट, गरज ओळखावी. शेजारच्या कॉलेजने घेतले म्हणून आपणही घेतले, असे नसावे. कार्यालयात वेळ कोठे जातो? अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडला आहे की नाही, हे पाहण्यात जात असेल तर ते काम यंत्राला खुशाल द्यावे. कोण विद्यार्थी खरा गरजू, हे ठरवण्याचे काम देऊ नये.

दुसरी, जुन्या वह्या तपासाव्यात. मागील वर्षी ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली त्यांच्यावरून यंत्र शिकणार असेल, तर ज्यांना अर्ज करता आला नाही, तारीख कळली नाही, त्यांचे काय?

तिसरी, आधी लहान प्रयोग करावा. एक वर्ष दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवाव्यात, चुका मोजाव्यात आणि त्या कोणाच्या वाट्याला आल्या हेही पाहावे. शंभरात दोनच चुका, पण दोन्ही ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांच्या, तर ते यंत्र चांगले म्हणता येणार नाही.

चौथी, माहिती जपावी. विद्यार्थ्याची जात, उत्पन्न, आजार यांची माहिती शिष्यवृत्तीसाठी दिलेली असते. ती बाहेरच्या कोणत्याही कंपनीच्या यंत्रात सहज टाकून देण्याचा अधिकार कार्यालयाला नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ साली केला आहे.

पाचवी, कर्मचाऱ्यांना विश्वासात घ्यावे. बँकांत संगणक आणण्यापूर्वी १९८३ साली बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात करार झाला होता. खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला यंत्राच्या खोडी सर्वांत आधी कळतात. त्याला धाक वाटला, तर तो त्या सांगणार नाही.

सहावी आणि अखेरची, निर्णयाखाली माणसाची सही असावी. ‘अर्ज नामंजूर’ एवढेच न लिहिता कारण विद्यार्थ्याला समजेल अशा मराठीत लिहावे आणि दाद कोणाकडे मागायची तेही लिहावे.

हे केवळ पुस्तकी विचार नव्हेत. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी असेच धोरण जाहीर केले. यंत्राच्या आधारे निष्कर्ष किंवा निकाल द्यावयाचा नाही, मान्यता दिलेलीच साधने वापरावयाची, यंत्राने केलेले भाषांतर जाणकार भाषांतरकाराने किंवा न्यायाधीशाने तपासावयाचे आणि यंत्र कोठे कोठे वापरले याची नोंद ठेवावयाची, असे त्यात म्हटले आहे. भाषांतर तपासणे का जरूर, हे आपणा भाषेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. न्यायालयाच्या इंग्रजीत ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपील करण्यास परवानगी. शब्दाला शब्द ठेवणारे यंत्र त्याचे ‘रजा मंजूर’ करून मोकळे होईल.

दोन आक्षेप

यावर कोणी म्हणेल, माणसे काय चुकत नाहीत? कारकून काय ओळखीच्यांची कामे आधी करत नाही? हा आक्षेप खरा आहे. चांगले तपासलेले यंत्र काही ठिकाणी माणसापेक्षा अधिक न्यायी ठरू शकेल, हेही मी मानते. पण एक कारकून चुकला तर त्याच्या टेबलापुरती चूक होते आणि त्याच्यापुढे जाऊन भांडता येते. यंत्र चुकले तर तीच चूक एकाच दिवशी हजारो ठिकाणी होते आणि भांडायला समोर कोणी नसते.

दुसरा आक्षेप असा की, शेवटी माणसानेच पाहायचे तर यंत्राचा उपयोग काय? स्वीडनने त्याचे उत्तर दिले आहे. मात्र माणूस नावाला ठेवून भागत नाही, हे हॉलंडने दाखवले. ज्याच्यापाशी कारण समजून घेण्याइतकी माहिती आहे, विचार करण्याइतका वेळ आहे आणि यंत्राला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे, त्याच माणसाच्या सहीला किंमत. बाकी सही म्हणजे शिक्का.

सारांश

यंत्राला काम द्यावे, जबाबदारी देऊ नये, हे या लेखाचे सार होय. ही यंत्रे घडवणारे अभियंते असतील. परंतु ती कोठे बसवायची, हे उद्या ग्रामपंचायतीत, बँकेत, शाळेत, तहसील कचेरीत ठरणार आहे आणि त्या खुर्च्यांवर आपल्यासारखे कला शाखेचे पदवीधरही बसणार आहेत. हॉलंडच्या अधिकाऱ्यांना गणित कमी येत होते असे नाही. समोरच्या कागदामागे एक घर आहे, हे ते विसरले होते. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र हे विषय आपण शिकतो ते हेच लक्षात राहावे म्हणून. तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय विज्ञान शाखेच्या इमारतीतला आहे असे समजून आपण त्याकडे पाठ फिरवू नये. वाचावे, विचारावे, आणि उद्या आपल्या टेबलावर असे यंत्र आले तर रांगेतल्या माणसाला ‘मशीनपुढं मी काय करू’ असे उत्तर देण्याची पाळी आपल्यावर येऊ देऊ नये.